शेवटी आत आलेला माणूस

अल्फकाका आयुष्यात कुठल्या खुर्चीवर धड बसला असेल तर ती चार्ल्सटनच्या विधानसभेतली, आणि तिथले शिपाईसुद्धा म्हणायचे की आमदार लाउडरमिल्क यांची गादी अजून कोरी आहे. घरी तर विचारूच नका. जेवता जेवता उठायचा, बोलता बोलता फिरायचा, प्रार्थनेला डोळे मिटले तरी टाच ठोकत राहायचा. माझी काकू लग्नानंतर वर्षभरातच म्हणाली होती, "मी नवरा नाही केला बाई, वाटसरू केला." ती बिचारी लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. मग काकाची घोडागाडी हाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याच्या हाती लगाम दिला की गोष्ट रंगात आल्यावर तो दोन्ही हात सोडायचा आणि घोडी आपल्या मर्जीनं ओढ्यात उतरायची.

मी आर्मिंटा, त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. सगळे मिंटी म्हणतात. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण सॉरेलच्या ओढ्याकाठी अजून त्याच्याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात, म्हातारपणी त्याचं डोकं फिरलं. काही म्हणतात, प्रंटी घराण्याच्या मतांसाठी केलं. मतांसाठी! हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गाडीत त्याच्या शेजारी मी बसलेली होते, हे बोलणारे नव्हते. म्हणून सांगते.

काका जन्मला तो याच डोंगरात, ओढ्याच्या वरच्या अंगाला. उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आमच्याकडे निम्मी घरं या बाजूला, निम्मी त्या बाजूला. त्यानं बंदूक घेतली नाही. निरोप घेऊन डोंगर ओलांडायचं काम घेतलं, कारण त्यात पळायला मिळतं. लढाई संपल्यावर दोन हिवाळे शाळामास्तर झाला. पोरं खूश होती, कारण वर्गात मास्तरालाच बसवत नव्हतं. मग जमीनमोजणीवाल्यांबरोबर साखळी ओढत त्यानं सगळे डोंगर पालथे घातले, आणि तिथे त्याला त्याचं खरं काम सापडलं. मोजणीवाले ज्या घरी मुक्काम करत तिथे एखादा म्हातारा नाहीतर म्हातारी असायचीच. काका ताकाचा पेला घेऊन त्यांच्यासमोर ओसरीवर उभा राहायचा, उभाच, आणि विचारायचा, "तुमच्या आजोबांनी इथे पहिलं झाड पाडलं तेव्हा काय काय झालं हो?"

म्हाताऱ्यांना एवढं पुरायचं. काका कागदावर काही टिपायचा नाही, सगळं डोक्यात, आणि पुढच्या शुक्रवारी ते जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापून यायचं. कुणाच्या आजोबांनी अस्वल मारलं, कुणाच्या आजीनं बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. त्याची दोन पुस्तकं निघाली. तीही तो गाडीच्या मागच्या पेटीतून स्वतःच विकायचा. आमच्या घरांत बायबलशेजारी दुसरं पुस्तक असलं तर तेच. चार्ल्सटनचे लोक त्याला इतिहासकार म्हणायचे. ज्या घरचा आजोबा पुस्तकात आला ते घर काकाला मत द्यायचं. हे त्यानं ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. त्याला ते कळत नव्हतं असंही म्हणणार नाही. चार वेळा निवडून आला.

ज्यांच्याशी आमची माणसं लढली त्या इथल्या मूळच्या शॉनी लोकांना मात्र त्याच्या पुस्तकात तोंड नाही. ते येतात, आरोळ्या ठोकतात आणि मरतात. "त्यांच्या शिकारीच्या डोंगरावर आपल्या माणसांनी न विचारता मका पेरला, तेही लिही की," असं मी एकदा म्हटलं.

"मिंटे, त्यांना इथे मत नाही गं," तो म्हणाला.

"मलाही नाही," मी म्हटलं. तेव्हा बायकांना नव्हतंच. काका हसला आणि गाडीतून उतरून चालायलाच लागला.

आणखी एक घर पुस्तकात होतं, पण नसतं तर बरं अशा रीतीनं. ते प्रंटींचं.

त्यासाठी गढीची गोष्ट सांगायला हवी. ओढ्याच्या वळणावर पूर्वी ओंडक्यांची गढी होती. हल्ल्याची कुणकुण लागली की आसपासची घरं तिच्यात जाऊन राहायची. गढी घाईत बांधलेली, दाराला अडसर अजून बसायचा होता. नुसती लाकडी खिटी होती आणि तिला चामड्याची दोरी. दोरी दाराच्या भोकातून बाहेर सोडलेली असायची. बाहेरून ओढली की खिटी उचलायची आणि दार उघडायचं. दोरी आत ओढून घेतली की दार बंद. अजूनही आमच्याकडे कुणाला घरी बोलवायचं तर "आमची दोरी बाहेरच असते" असं म्हणतात. आणि नियम एकच, तो इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक: एक माणूस जरी बाहेर असला तरी दोरी बाहेर, आणि जो शेवटी आत येईल त्यानं ती ओढून घ्यायची.

काकाचा पणजोबा, म्हणजे माझा खापरपणजोबा, जेकब लाउडरमिल्क. त्यानं डोंगरावर शॉनींच्या वाटेच्या खुणा पाहिल्या आणि ओढ्याकाठच्या घराघरांतून पळत जाऊन सगळ्यांना गढीत पाठवलं. स्वतः सगळ्यांत शेवटी, चांगलं अंधारून आल्यावर, काट्यांनी फाटलेल्या अंगानं आत येऊन पडला. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अशी की पहाटे शॉनी आले तेव्हा दोरी बाहेर लोंबत होती. त्यांनी ती ओढली आणि आत शिरले. चार माणसं गेली. नऊ वर्षांची केझाया प्रंटी संध्याकाळी पाणी घेऊन आत आली होती, दाराशी झोपली होती. दोरी तिनंच विसरली, असं ठरलं. मेलेल्या चौघांत तिची आईही होती.

त्याला सव्वाशे वर्षं झाली तरी आमच्याकडे कुणी दार उघडं टाकलं की बाकीचे ओरडतात, "प्रंटींचा आहेस का रे?" चर्चमध्ये प्रंटी मंडळी सगळ्यांत पुढे बसतात. भक्ती उतू जाते म्हणून नव्हे. दाराजवळचा बाक त्यांना कुणी देत नाही. माझी मैत्रीण रिला प्रंटी. शाळेत तिला कुणी बाहेर सोडलं की पोरं दारापर्यंत मागे जाऊन दार लावून यायची. रिला हसायची. मला तिचं ते हसणं बघवायचं नाही.

दरवर्षी ऑगस्टमध्ये गढीच्या जागी जुन्या घराण्यांचा मेळावा भरतो. काकाची पहिली गोष्ट जेवणाआधी व्हायची. तो गवतावर पळून दाखवायचा, धापा टाकायचा, हवेत हात घालून दार उघडायला दोरी ओढायचा आणि विचारायचा, "शेवटी आत कोण आला?" आणि सगळं मैदान गरजायचं, "जेकब लाउडरमिल्क!" मग तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, घेवडा आणि डुकराचं मांस, डुलक्या. दुसरी गोष्ट जेवणानंतर. पुस्तकातही ती दोन प्रकरणांत होती, कारण साप्ताहिकात ती दोन निरनिराळ्या शुक्रवारी आली होती. प्रंटी मेळाव्याला येत नसत. कशाला येतील?

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे आठ साली, काकानं सरकारकडून गढीच्या जागी दगड उभारायला पैसे मंजूर करून आणले. दगडावर गढीतल्या माणसांची नावं कोरायची, सगळ्यांत वर "जेकब लाउडरमिल्क, शेवटी आत आलेला". पाथरवटानं ती ओळ उन्हाळ्यातच कोरून टाकली. प्रंटींची नावं वगळायची, असं मेळाव्याच्या समितीनं ठरवलं होतं आणि काका त्यावर काही बोलला नव्हता. ऑक्टोबरात दगड उघडायचा, नोव्हेंबरात निवडणूक. समोर क्लॉड हेफनर नावाचा तरणा वकील उभा होता. त्याला गोष्टी सांगता येत नव्हत्या, पण तो रस्ता देतो म्हणायचा, आणि चिखलात गाडी रुतलेल्या माणसाला रस्ता गोड लागतो. काकाचं गणित कुठेतरी कमी पडत होतं. पहिल्यांदाच त्याला वरच्या अंगाच्या प्रंटींची मतं हवी झाली.

"मिंटे, गाडी काढ. लविनामावशीला भेटून येऊ."

"दगडावर नाव नाही आणि मतं मागायला जातोस? लाज वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर तुला बरोबर नेतोय."

लविनाआजी रिलाची आई, शहाऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. केझाया तिची आजी. लविनाआजी तिच्याच हाताखाली वाढली होती. डॉक्टर म्हणाला होता, हिवाळा निघणार नाही. आम्ही गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती आणि काकाकडे अशी बघत होती की मला गाडी परत फिरवावीशी वाटली.

"या आमदारसाहेब. चार निवडणुका झाल्या, आज वाट सापडली वाटतं?"

"मावशी, रस्ता वाईट आहे हो."

"तो हेफनर करणार आहे म्हणे."

रिला तोंडाला एप्रन लावून हसली. काका खोलीत फिरत होता, खिडकीपासून चुलीपर्यंत, चुलीपासून खिडकीपर्यंत.

"बस की रे. माझी मान दुखायला लागली," लविनाआजी म्हणाली. "बरं, नको बसूस. तुझी ती गोष्ट सांग. सगळं जग ऐकून आलं, आम्हाला कधी कुणी बोलावलं नाही. मरायच्या आधी ऐकू दे."

"कोणती, मावशी?"

"दोन्ही."

काकाचा चेहरा उतरला. पण गोष्ट सांगायला सांगितली आणि अल्फकाकानं नाही म्हटलं, असं कधी झालेलं नाही. तो सुरू झाला. आधी जरा कोरडा, मग रंगला. त्या चिमुकल्या खोलीत तो जेकबसारखा पळाला, चुलीला वळसा घातला, रिलाची घागर पाडली. "सगळे आत गेले, मावशी. बायका, पोरं, गुरं बांधून आलेले बाप्ये. केझाया पाणी घेऊन आत आली. अंधार पडला. आणि बाहेर एकटा जेकब! मागे पावलं वाजतायत. दार आलं, दोरी लोंबतेय, त्यानं हात घातला, ओढली, आणि आत..."

मध्ये कोंबडी नव्हती, डुलकी नव्हती. दुसरी गोष्ट तिथेच जिभेवर आली. "आणि पहाटे शॉनी आले तर दोरी..."

काका थांबला. त्याचा हात हवेतच होता, दोरी धरल्यासारखा. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाही कळलं. रिलालाही. घागरीतलं पाणी जमिनीवरून दाराकडे वाहत होतं आणि कुणी पुसायला उठलं नाही.

"पुढे?" लविनाआजीनं विचारलं.

"मावशी," काका म्हणाला.  चाळीस वर्षं ही गोष्ट सांगणारा माणूस खाली वाकून घागर सरळ करायला लागला.

"आजी म्हणायची, एक माणूस बाहेर होता म्हणून मी दोरी ठेवली," लविनाआजी म्हणाली. "लहानपणी तिनं सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मग बोलायचं सोडून दिलं. कोण बाहेर होता ते आम्हाला कधी सांगितलं नाही तिनं. मी विचारायचे तर म्हणायची, जाऊ दे, आता काय." ती दमली आणि उशीवर मागे रेलली. "तू चांगलं सांगतोस हं. लोक उगाच नाही येत."

परतीच्या वाटेवर काका गाडीत बसला नाही. गाडीच्या बाजूनं चालत राहिला, मध्येच पुढे जायचा, मध्येच मागे राहायचा. त्यानंतर घरात त्यानं माझं जगणं मुश्कील केलं. पहाटे उठून ओसरीवर येरझाऱ्या, दुपारी ओढ्याच्या वळणावर, तिथून परत. तो सुटका शोधत होता. मला म्हणायचा, "समजा, जेकबनंतर कुणी बाहेर गेलं असेल?"

"कोण?"

"कुणीतरी. लघवीला."

"बाहेर शॉनी असताना?"

मग दुसऱ्या दिवशी: "समजा, जेकब शेवटी आलाच नसेल. आधीच आला असेल."

"मग दगडावरची ओळ खोडून टाक."

त्यावर तो पुन्हा चालायला लागायचा. हेच तर होतं ना. जेकब शेवटी आला नसेल तर त्याची गोष्ट नाही. शेवटी आला असेल तर दोरी त्याची. जी गोष्ट सांगून काका मोठा झाला तिनंच त्याची मानगूट धरली होती.

एक दिवस तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.  "मिंटे, हरीण."

"काय?"

"जेकब दर हिवाळ्याला प्रंटींच्या दारात एक हरीण टाकून जायचा. मरेपर्यंत. मी पुस्तकात लिहिलंय. केवढा मोठ्या मनाचा माणूस, म्हणून लिहिलंय." त्यानं चौकटीला हात धरला. "त्याला माहीत होतं गं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी पीठ मळत होते. हात तसेच राहिले. खरं सांगते, मला त्या क्षणी जेकबची चीड आली आणि काकाची कीव.

"मग सांगून टाक," मी म्हटलं.

"सांगणार आहे. निवडणूक झाली की सांगतो."

"निवडणूक झाल्यावर कुणाला सांगणार? सगळा जिल्हा दगडाला जमणार, मग पुढच्या ऑगस्टपर्यंत कुणी जमत नाही. लविनाआजी तोवर आहे का?"

"साप्ताहिकात लिहीन."

"दोन निरनिराळ्या शुक्रवारी?"

मी फार लागेल असं बोलले, ते मला कळलं. पण मागे घेतलं नाही.

माझ्या बाबांना कुठूनतरी कुणकुण लागली. ते आले तेच तापून. "कुणी विचारलंय तुला, अल्फ? सव्वाशे वर्षं झाली त्याला. प्रंटींना सवय झाली, आपल्याला सवय झाली. आता घराण्याच्या नावाला काळं फासून काय मिळणार? शिवाय पडशील. सरळ पडशील. आपलीच माणसं मत देणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग?"

"मग माहीत आहे, एवढंच." आणि काका त्यांच्या अंगावरून बाहेर निघून गेला. बाबा माझ्याकडे वळले, "हे तुझंच काम." मी म्हटलं, "माझं असतं तर बरं झालं असतं."

दगडाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं, पानं लाल झाली होती. एवढी गर्दी मी मेळाव्यालाही पाहिली नव्हती. हेफनर पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. आणि रिलानं आईला बैलगाडीत गादी घालून आणलं होतं. पहिल्यांदा प्रंटींची गाडी त्या मैदानात आली. लोक बाजूला झाले, पण वाट दिली म्हणून नव्हे. ज्या नजरेनं ते बाजूला झाले ती मला ठाऊक आहे. काका काय करणार हे मला गाडी मैदानात उभी राहीपर्यंत माहीत नव्हतं. त्यालाही नसावं. सकाळपासून दोनदा कोट काढून दोनदा घातला होता.

तो दगडापाशी उभा राहिला. पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "पळून दाखवा काका!" आणि तो पळाला. बासष्ट वर्षांचा माणूस, सगळ्या मैदानाला फेरी मारून, खरोखर धापा टाकत परत आला. मला वाटलं, गेलं. हा आपली नेहमीची गोष्ट सांगणार, टाळ्या घेणार आणि घरी जाऊन येरझाऱ्या घालणार. त्यानं हवेत हात घातला, दोरी ओढली.

"शेवटी आत कोण आला?"

"जेकब लाउडरमिल्क!" सगळं मैदान.

बायका टोपल्या उघडायला वाकल्या, कारण आता जेवण. काकानं हात खाली घेतला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "जेवण नंतर. पोरांनो, मला सांगा, दोरी आत कोण ओढतो?"

आणि पोरं, बिचारी, त्यांना काय ठाऊक, ती सगळी एका सुरात ओरडली, "शेवटी येणारा!"

 मग एकेका तोंडावर ते चढत गेलेलं मी पाहिलं. आधी म्हाताऱ्यांच्या. एका बाईनं टोपलीचं झाकण परत लावलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अल्फ, काय बोलतोयस?"

"मी काही बोललो नाही," काका म्हणाला. "तुम्हीच बोललात. चाळीस वर्षं मी तुम्हाला हे सांगत आलो आणि मध्ये जेवायला घालत आलो. केझाया प्रंटीनं दोरी बाहेर ठेवली, कारण माझा पणजोबा बाहेर होता. तिनं नियम पाळला. त्यानं पाळला नाही. त्याला ते ठाऊक होतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगावर त्यानं ते राहू दिलं. नंतर मी ते छापून विकलं." त्यानं दगडावर हात ठेवला. "दगडावर तिचं नाव यायला हवं. नाहीतर हा दगड माझ्या दारात आणून टाका."

टाळ्या कुठल्या वाजणार? बाबा उठले, आमची सगळी माणसं उठली आणि टोपल्या घेऊन निघाली. हेफनर काही बोलला नाही, ते त्याचं शहाणपण. मी उठले नाही. लविनाआजी गाडीत डोळे मिटून पडली होती, ओठ हलत होते. रिला म्हणते, ती तिच्या आजीशी, केझायाशी बोलत होती.

नोव्हेंबरात काका पडला. थोडक्यात नाही, चांगला आपटला. आणि जे म्हणतात ना प्रंटींच्या मतांसाठी केलं, त्यांच्यासाठी सांगते: रिलाच्या भावांनी हेफनरला मत दिलं. त्यांना रस्ता हवा होता. काकाला हे कळलं तेव्हा तो मोठ्यानं हसला, त्या दिवसांतलं पहिलं हसू. "मतं अशीच द्यावीत," म्हणाला.

निकालानंतर दोन दिवसांनी त्यानं पुन्हा गाडी काढायला सांगितली. लविनाआजी फारच खालावली होती. आवाज अगदी तोंडाशी कान नेल्यावर ऐकू यायचा. काका तिच्या खाटेशी गुडघ्यांवर बसला.

"मावशी, समितीनं कबूल केलंय. केझायाचं नाव कोरायचं, बाकीच्या प्रंटींचीही. आणि जेकबची ओळ मी पाथरवटाला सांगून छिन्नीनं उडवतो. त्या जागी खरं काय झालं ते लिहायचं. तुम्ही सांगाल ते शब्द."

तिनं मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "आत किती माणसं होती रे?"

"बावीस."

"बावीस. आणि दाराकडे बघायला एकालाही सुचलं नाही? चांगली मोठाली माणसं होती की." तिनं दम खाल्ला. "आजीचं नाव घाल. तिच्या आईच्या शेजारी. त्याचं खोडू नकोस."

"पण मावशी, त्यानं..."

"पंचविशीतला पोरगा तो. दमला असेल. आणि सकाळी समोर मढी बघून घाबरला असेल. घाबरला तो घाबरलाच, जन्मभर हरणं टाकत बसला." तिचा हात चाचपडत काकाच्या डोक्यावर आला. "आमच्या पोरीला कुणी सोडलं नाही. म्हणून काय आता तुमच्या पोराला धरायचं? राहू दे त्याचं नाव, अल्फ. घराघरांतून सांगत पळाला तर तो होताच ना."

काका तिच्या गादीत तोंड खुपसून रडला. आम्ही त्याला रडू दिलं.